रोधकता : सूत्र एका ओळीचं, भांडण टोकांशी

१७२९चा जुलै. स्टीफन ग्रे हा इंग्लंडमधला एक हौशी प्रयोगकर्ता, मूळचा कापड रंगवणारा, ग्रॅनव्हिल व्हीलर या मित्राच्या घरात लांबच लांब सुतळी टांगत होता. काचेची नळी घासली की तिच्यात येणारी वीज सुतळीवरून किती दूर जाते, हे दोघांना बघायचं होतं. सुतळीला मधे मधे रेशमी धाग्यांचा आधार होता. रेशीम निवडायचं कारण साधं : धागा बारीक, म्हणजे वीज निसटायला वाट कमी. प्रयोग साधला. सुतळीच्या दुसऱ्या टोकाला लटकवलेला हस्तिदंती गोळा पितळी वर्खाचे कपटे ओढून घेऊ लागला. पुढे सुतळीच्या भाराने रेशीम तुटलं आणि त्यांनी त्याजागी बारीक पण मजबूत अशी पितळी तार बांधली. मग नळी कितीही घासली तरी गोळा ढिम्म. सगळी वीज पितळी आधारातून निघून जात होती.

बारीकपणाचा संबंधच नव्हता. रेशीम हे रेशीम आहे म्हणून वीज अडवत होतं आणि पितळ हे पितळ आहे म्हणून सोडत होतं. पदार्थाच्या या अंगच्या गुणाला आज आपण रोधकता म्हणतो. शाळेच्या पुस्तकात तिला विशिष्ट रोध असंही नाव असतं.

रोध आणि रोधकता या दोन शब्दांची गल्लत जवळजवळ प्रत्येकाची एकदा तरी होते. वजन आणि घनता आठवा, म्हणजे गाठ सुटते. वजन त्या विशिष्ट तुकड्याचं असतं, घनता त्या पदार्थाची असते. लोखंडाचा खिळा हलका आणि लाकडाचा ओंडका जड असू शकतो, तरी लोखंड लाकडापेक्षा घनच. तसाच रोध हा एका तारेचा असतो आणि रोधकता तांब्याची. तार लांब केली की रोध वाढतो, कारण इलेक्ट्रॉनांना तितकं जास्त अंतर कापावं लागतं. तार जाड केली की रोध घटतो, कारण वाट रुंद होते. या दोन गोष्टी बाजूला काढल्यावर जे उरतं ते पदार्थाचं :

रोध = रोधकता × लांबी ÷ काटछेदाचं क्षेत्रफळ

यातून रोधकतेचं एकक येतं ओहम-मीटर. ते बघून पहिल्यांदा कोणालाही वाटतं की हे 'ओहम प्रति मीटर' असणार आणि इथे छपाईची चूक झाली आहे. चूक नाही. सूत्र उलटं फिरवलं तर ओहमला क्षेत्रफळाने गुणून लांबीने भागावं लागतं. चौरस मीटर भागिले मीटर, म्हणजे मीटर शिल्लक राहतो. डोळ्यांसमोर चित्र हवं असेल तर पदार्थाचा एक मीटर बाजूचा घन घ्या आणि समोरासमोरच्या दोन पृष्ठांमधला रोध मोजा. जितके ओहम येतील तितकीच त्याची रोधकता.

तांब्याचा असा घन घेतला तर त्याचा रोध भरेल सुमारे १७ नॅनोओहम, म्हणजे एका ओहमच्या अब्जांश भागाच्या १७ पट. त्यामुळे धातूंसाठी नॅनोओहम-मीटर हे माप सोयीचं पडतं. चांदी १६, तांबं १७, सोनं २४, अ‍ॅल्युमिनियम २६ किंवा २७, टंगस्टन ५६, लोखंड ९७, पारा ९८०. हे आकडे २० अंश सेल्सिअसच्या आसपासचे आहेत. तापमान न सांगता दिलेल्या रोधकतेच्या आकड्यावर विश्वास ठेवू नये. का, ते पुढे येईलच.

या यादीत एक गंमत लपली आहे. विजेच्या उंच मनोऱ्यांवरून जाणाऱ्या तारा अ‍ॅल्युमिनियमच्या असतात, तांब्याच्या नाहीत, आणि त्याचं कारण फक्त किंमत नाही. अ‍ॅल्युमिनियमची रोधकता तांब्याच्या दीडपटीहून जास्त, पण घनता तिसऱ्या हिश्शाहूनही कमी. तितक्याच लांबीची आणि तितक्याच रोधाची अ‍ॅल्युमिनियमची तार जाड होते खरी, पण वजनाला तांब्याच्या निम्म्याहून हलकी भरते. मनोऱ्याला जाडी पेलायची नसते, वजन पेलायचं असतं. उलट दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेला तांबं कमी पडलं, तेव्हा युरेनियम वेगळं करणाऱ्या यंत्रांच्या प्रचंड विद्युतचुंबकांसाठी सरकारी खजिन्यातली १३ हजार टनांहून अधिक चांदी उसनी घेतली गेली आणि नंतर परत केली गेली. चांदी सर्वांत सरस वाहक आहे हे सगळे जाणतात. ती अशी घाऊक वापरायची वेळ इतिहासात क्वचितच आली.

मिलिमीटर आणि देवयानी

रोधकतेचं खरं नवल तिच्या आवाक्यात आहे. चांदी १६ नॅनोओहम-मीटरवर. समुद्राचं पाणी साधारण ०.२ ओहम-मीटर. शुद्ध सिलिकॉन दोन हजारांच्या वर. अतिशुद्ध पाणी १ लाख ८२ हजार. काच अब्जांच्या पुढे, आणि वितळवून बनवलेला शुद्ध क्वार्ट्झ १०च्या सतराव्या घाताच्या घरात. चांदी आणि क्वार्ट्झ यांच्यातलं गुणोत्तर १०च्या पंचविसाव्या घाताएवढं होतं. चांदीची रोधकता एक मिलिमीटर मानली तर क्वार्ट्झची थेट देवयानी दीर्घिकेपर्यंत पोचते. ती आपल्यापासून सुमारे २५ लाख प्रकाशवर्षं दूर आहे.

उष्णतेच्या बाबतीत असं होत नाही. हिरा उष्णता उत्तम वाहतो आणि हवा अगदी वाईट, पण दोघांतला फरक लाखाच्या आत-बाहेर. म्हणून विजेची तार प्लॅस्टिकच्या पातळ आवरणाने बिनधास्त झाकता येते, पण उष्णता पूर्ण कोंडणारं आवरण मात्र कुठेच मिळत नाही.

इलेक्ट्रॉन कशाला अडखळतात

आपल्याला शिकवलेलं चित्र असं : धातूत अणू रांगेने उभे आहेत, मोकळे इलेक्ट्रॉन त्यांच्यामधून धावतात, अणूंवर आपटतात, म्हणून रोध. हे चित्र मला बरीच वर्षं पुरलं. मग एक आकडा वाचला आणि ते मोडलं. खोलीच्या तापमानाला तांब्यात इलेक्ट्रॉन दोन धडकांच्या मधे सरासरी ४० नॅनोमीटर जातो. शेजारच्या दोन अणूंमधलं अंतर पाव नॅनोमीटर. म्हणजे दीडशे अणू ओलांडून झाल्यावर कुठे एक धडक! इतक्या गर्दीतून कोणी चेंडूसारखं जात असेल तर हे शक्य नाही.

उत्तर असं की इलेक्ट्रॉन लाटेसारखा वागतो आणि अणूंची मांडणी अगदी शिस्तीची असेल तर ती लाट तिच्यातून अडथळ्याविना पार होते. अडखळायला होतं ते शिस्त मोडते तिथे. शिस्त दोन गोष्टी मोडतात. एक म्हणजे उष्णता : तापलेले अणू आपल्या जागी थरथरत असतात. दुसरी म्हणजे परके अणू, रिकाम्या जागा, स्फटिकातले तडे आणि सांधे. ऑगस्टस मॅथिसन याने १८६०च्या दशकात दाखवलं की या दोन्हींचे हिस्से साधारणपणे सरळ बेरजेने एकत्र येतात : तापमानाचा हिस्सा तापमानाबरोबर बदलतो, भेसळीचा हिस्सा तसाच राहतो.

एवढं कळलं की बरीच कोडी सुटतात. निकेलची रोधकता ७०च्या आसपास, क्रोमियमची सव्वाशे. दोन्ही मिसळून केलेल्या नायक्रोमची मात्र अकराशे! दोघांच्या मधली कुठलीतरी किंमत यायला हवी होती असं वाटतं. पण संमिश्रात कुठल्या जागी निकेल आणि कुठल्या जागी क्रोमियम याला काही ताळतंत्र नसतं, त्यामुळे इलेक्ट्रॉनाला पावलोपावली ठेच. हीटरच्या कॉइलला नेमकं हेच हवं असतं. आणि तांब्यात दहा हजारांत दोन भाग फॉस्फरस मिसळला तरी त्याची वाहकता (रोधकतेचा व्यस्त) १५ टक्क्यांच्या आसपास का घसरते, तेही यातूनच समजतं. पाण्याच्या नळ्यांसाठी असं तांबं चालतं, विजेच्या तारांसाठी चालत नाही.

तापमानाचा हिस्साही लहान नाही. तांबं एक अंशाने तापलं की रोधकता सुमारे ०.४ टक्क्याने वाढते. पन्नास अंशांनी तापलेल्या मोटरच्या गुंडाळीचा रोध वीस टक्क्यांनी वाढलेला असतो. या दोषाचाच उपयोग करून प्लॅटिनमचा तापमापक बनतो : शून्य अंशाला बरोबर १०० ओहम आणि शंभर अंशाला १३८.५ ओहम देणारी तार उद्योगांमध्ये जागोजागी वापरली जाते.

अर्धवाहकांचं गणित निराळं. तिथे इलेक्ट्रॉन अडखळतात किती, यापेक्षा मोकळे इलेक्ट्रॉन आहेत किती, हा प्रश्न मोठा. तांब्याच्या एका घनमीटरमध्ये मोकळ्या इलेक्ट्रॉनांची संख्या १०च्या अठ्ठाविसाव्या घाताच्या साडेआठ पट असते. शुद्ध सिलिकॉनमध्ये जवळपास सगळे अणूंना बांधलेले. तापवलं की काही सुटतात, म्हणून सिलिकॉनची रोधकता तापमानाबरोबर उतरते. काचही पुरेशी तापवली की वाहक होऊ लागते, पण तिच्यात फिरतात ते इलेक्ट्रॉन नसून आयन, म्हणजे विद्युतभारित अणू. आणि सिलिकॉनच्या दर एक कोटी अणूंमागे एक फॉस्फरसचा अणू पेरला की त्याची रोधकता साधारण दोन लाख पटींनी कोसळते. कोटीत एक! म्हणून चिप बनवणाऱ्यांना रोधकता मोजणं म्हणजे भेसळ मोजणंच असतं, आणि रसायनशाळेतल्या पुष्कळ पद्धतींपेक्षा ते झटपट होतं.

दोन टोकांचा घोटाळा

आता मोजायचं कसं? सूत्र हातात आहे : तारेची लांबी मोजा, जाडी मोजा, रोध मोजा, भागाकार करा. मी पहिल्यांदा हे केलं तेव्हा हाताशी साधा मल्टीमीटर होता आणि तांब्याची एक चौरस मिलिमीटर छेदाची तार. एक मीटर तारेचा रोध दाखवला ०.३ ओहम. तार अर्धी केली, पुन्हा ०.३. वीतभर तुकडा घेतला, तरी ०.३. शेवटी मीटरच्या दोन पिना एकमेकींना टेकवल्या, तार मधे नाहीच. ०.३.

मीटर खोटं बोलत नव्हता. एक चौरस मिलिमीटर छेदाच्या आणि एक मीटर लांबीच्या तांब्याच्या तारेचा रोध असतो ०.०१७ ओहम. मीटरच्या स्वतःच्या वायरी, पिना आणि पिना जिथे टेकतात तिथला स्पर्श मिळून त्याच्या पंधरा-वीस पट. मी तांबं मोजत नव्हतो, टोकं मोजत होतो.

रोधकता मोजण्याच्या विद्येचं सार मला इथे दिसतं. सूत्रात लांबी आहे, क्षेत्रफळ आहे, पण 'टोक' नावाची राशी नाही. प्रत्यक्षात मात्र पदार्थाला कुठेतरी स्पर्श केल्याशिवाय वीज आत जात नाही, आणि स्पर्श ही भलती लहरी चीज आहे. दोन धातू टेकलेले दिसतात तेव्हा खरं तर ते काही मोजक्या उंचवट्यांवरच टेकलेले असतात. त्यावर गंज, तेल, ऑक्साइडचा पापुद्रा. दाब थोडा बदलला की रोध बदलतो.

सुरुवातीच्या काळात तर टोकाला माणूसच होता. १७७०च्या दशकात हेन्री कॅव्हेंडिशने मिठाच्या पाण्याने भरलेल्या नळ्या आणि धातूच्या तारा यांची तुलना स्वतःच्या शरीराला बसणाऱ्या झटक्यावरून केली. कुठला झटका जास्त, हे तो हाताने ठरवायचा. तरीही लोखंडाची तार पावसाच्या पाण्यापेक्षा ४० कोटी पट चांगली वाहक आहे हा त्याचा अंदाज आजच्या आकड्यांशी चकित करण्याइतका जुळतो. त्याचं यातलं बरंचसं काम त्याच्या वह्यांतच राहिलं आणि जेम्स क्लार्क मॅक्सवेलने ते १८७९ साली प्रसिद्ध केलं. तोवर ओहमचा नियम येऊन अर्धशतक उलटून गेलं होतं.

या अचूकतेला पैशाचं मोल आलं ते समुद्री तारायंत्रामुळे. अटलांटिकच्या तळाशी तार टाकायची तयारी चालू असताना १८५७ साली विल्यम थॉमसनने, म्हणजे पुढच्या लॉर्ड केल्विनने, बाजारात 'तांबं' म्हणून विकल्या जाणाऱ्या तारांचे नमुने तपासले. दिसायला सारख्या तारांच्या वाहकतेत जवळपास दुपटीचा फरक निघाला. कारण तेच, कोटीतल्या एकाचं मोठं भावंड : भेसळ. त्यानंतरच्या केबलसाठी तांब्याच्या वाहकतेचीच अट घातली जाऊ लागली. १९१३ साली तर सगळ्या जगासाठी एक मानक ठरलं : मऊ केलेल्या तांब्याची एक मीटर लांब, एक चौरस मिलिमीटर छेदाची तार २० अंशाला बरोबर ओहमचा ५८वा भाग रोध देईल, आणि तिची वाहकता १०० टक्के मानावी. तांबं शुद्ध करण्याची कला नंतर एवढी सुधारली की आज उत्तम तार १०१ टक्के भरते. शंभरात एकशे एक गुण मिळवणारा हा एकच विद्यार्थी माझ्या माहितीत आहे.

घोटाळ्यावरचा उपाय विलक्षण साधा आहे. मल्टीमीटर एकाच जोडीच्या पिनांनी दोन कामं करतो : वीजप्रवाह सोडतो आणि त्यामुळे पडलेलं विभवांतर, म्हणजे दोन जागांमधल्या व्होल्टचा फरक, मोजतो. ही दोन कामं तोडायची. तारेच्या दोन बाहेरच्या टोकांना प्रवाहाच्या वायरी जोडायच्या. तिथे स्पर्श कितीही खराब असो. आणि आतल्या बाजूला, दोन वेगळ्या जागी, व्होल्टमीटरच्या दोन पिना टेकवायच्या. लांबी मोजायची ती या आतल्या दोन पिनांमधली.

यात जादू कुठली? व्होल्टमीटर जवळजवळ प्रवाहच घेत नाही. एक अँपिअर प्रवाह सोडला तर आपल्या मीटरभर तारेवर १७ मिलिव्होल्ट पडतील. चांगल्या व्होल्टमीटरचा आतला रोध एक कोटी ओहम; म्हणजे त्याच्या पिनांतून जाणारा प्रवाह नॅनोअँपिअरच्या घरात. पिनेचा स्पर्श दहा ओहम इतका वाईट असला तरी चूक दहा लाखांत एक. नळातल्या पाण्याचं उदाहरण घ्या : मुख्य नळाच्या दोन्ही तोंडांना गंजलेल्या तोट्या आहेत, पण दाब बघण्यासाठी नळाच्या मधल्या भागात दोन बारीक उभ्या नळ्या बसवल्या आहेत. त्या नळ्यांतून पाणी वाहतच नाही, नुसतं उभं राहतं. मग त्या केसाएवढ्या बारीक असल्या म्हणून काय बिघडलं?

या चार टोकांच्या पद्धतीची अनेक रूपं आहेत. केल्विनचा दुहेरी सेतू (सेतू म्हणजे रोधांची तुलना करणारी जोडणी) हे त्यातलं जुनं आणि देखणं रूप, सॅम्युएल ख्रिस्टीने १८३३ साली सुचवलेल्या आणि व्हीटस्टनच्या नावाने गाजलेल्या सेतूची सुधारित आवृत्ती. आता डिजिटल व्होल्टमीटर आल्यामुळे तो संग्रहालयाच्या वाटेवर आहे.

हाताने करताना आणखी दोन-तीन सापळे लागतात. तारेचा व्यास मोजण्यात झालेली चूक उत्तरात दुप्पट होऊन उतरते, कारण क्षेत्रफळात व्यासाचा वर्ग आहे. एक मिलिमीटरच्या तारेत ०.०१ मिलिमीटर चुकलं की उत्तर दोन टक्के चुकलं. यावर जुन्या कारागिरांची युक्ती : व्यास मोजूच नका, तार तोला. वजनाला घनतेने आणि लांबीने भागलं की सरासरी क्षेत्रफळ मिळतं, आणि तराजू सूक्ष्ममापीपेक्षा कितीतरी भरवशाचा असतो. दुसरा सापळा उष्णतेचा. दोन वेगळे धातू जिथे भेटतात तिथे तापमानात फरक असेल तर काही मायक्रोव्होल्ट आपोआप तयार होतात आणि मोजमापात घुसतात. म्हणून प्रवाह उलटा करून दुसऱ्यांदा वाचन घ्यायचं : तारेवरचं विभवांतर दिशा बदलतं, हे उपरे मायक्रोव्होल्ट बदलत नाहीत, दोन्ही वाचनांतला फरक निम्मा केला की ते कटतात. आणि तापमान लिहून ठेवायचं. ते लिहिलं नाही तर बाकीची सगळी काळजी वाया.

चार सुया, मग जमीन असो की चिप

सगळ्याच पदार्थांची तार काढता येत नाही. जमिनीची कशी काढणार? सिलिकॉनच्या चकतीची काढली तर चकती गेली. अशा वेळी पदार्थाच्या सपाट पृष्ठावर एका रांगेत, सारख्या अंतरावर चार सुया टेकवतात. बाहेरच्या दोनांतून प्रवाह, आतल्या दोनांवर विभवांतर. पृष्ठाखाली पदार्थ सगळीकडे दूरवर पसरलेला असेल तर प्रवाह सुईच्या टोकापासून अर्धगोलासारखा फाकत जातो, आणि त्याचा हिशोब केल्यावर निघणारं सूत्र असं :

रोधकता = २ × π (पाय, सुमारे ३.१४) × सुयांमधलं अंतर × विभवांतर ÷ प्रवाह

लांबी गायब, क्षेत्रफळ गायब. फक्त सुयांमधलं अंतर उरलं, आणि ते तर आपणच ठरवलेलं असतं.

फ्रँक वेनर या अमेरिकी शास्त्रज्ञाने ही मांडणी १९१५ साली जमिनीसाठी मांडली. सुयांच्या जागी लोखंडी खुंट्या, अंतर काही मीटर. १९५४ साली एल. बी. व्हाल्डेसने तीच कल्पना जर्मेनियमच्या तुकड्यावर आणली आणि अंतर झालं सुमारे एक मिलिमीटर. सूत्र अक्षरशः तेच. विज्ञानात एकच युक्ती शेतापासून चिपपर्यंत इतक्या सरळ चालत गेल्याची उदाहरणं फार नाहीत.

जमिनीत खुंट्यांमधलं अंतर वाढवत गेलं की प्रवाह खोल शिरतो, म्हणून वेगवेगळ्या अंतरांवरची वाचनं मिळून खोलीचा अंदाज देतात. मिळते ती मात्र 'आभासी रोधकता' : वरच्या-खालच्या थरांचं मिश्रण. त्यातून थर वेगळे काढायला गणित करावं लागतं, आणि एकाच वाचनसंचाला एकापेक्षा जास्त उत्तरं बसतात. भूजल शोधताना ही पद्धत सर्रास वापरतात, आणि इथे एक खडा टाकावासा वाटतो : यंत्राला पाणी दिसत नाही, रोधकता दिसते. ओल्या चिकणमातीची रोधकताही कमी आणि खाऱ्या पाण्याने भरलेल्या वाळूचीही कमी. अखंड कातळाची हजारो ओहम-मीटर, पण तोच भेगाळून पाणी धरून असला तर बरीच खाली. आकड्याला भूगर्भाची माहिती जोडली तरच तो बोलतो. नुसता आकडा बघून 'इतक्या खोलीवर इतकं पाणी' असं छातीठोक सांगणाऱ्याकडे जरा सावधपणे बघावं.

तेलाच्या शोधात याच गुणाने क्रांती केली. सप्टेंबर १९२७ मध्ये फ्रान्सच्या आल्सास भागातल्या पेशेलब्रॉन इथे श्लुम्बर्जे बंधूंच्या चमूने इलेक्ट्रोड विहिरीत सोडून जागोजाग थांबत रोधकता टिपली. खडकाच्या छिद्रांत खारं पाणी असेल तर रोधकता कमी, तेल असेल तर जास्त. वर बसून खालचा खडक वाचायची सोय झाली. काँक्रीटलाही हीच चार टोकं लावतात : रोधकता १०० ओहम-मीटरच्या खाली गेली तर आतली सळई गंजायचा धोका मोठा, हजाराच्या वर असेल तर साधारणपणे चिंता नाही.

पातळ थरांची गोष्ट मला सगळ्यांत आवडते. मोबाइलच्या पडद्यावरचा पारदर्शक वाहक थर घ्या. त्याचा चौरस तुकडा कापून समोरासमोरच्या कडांमधला रोध मोजा. आता दुप्पट मोठा चौरस घ्या. लांबी दुप्पट झाली, पण रुंदीही दुप्पट झाली, रोध तोच! नखाएवढा चौरस असो की खिडकीएवढा, थर तोच असेल तर रोध तोच. म्हणून अशा थरांचं माप 'इतके ओहम प्रति चौरस' असं सांगतात, आणि चौरस केवढा हे कोणी विचारत नाही, कारण त्याने फरक पडत नाही. मधोमध चार सुया टेकवून मिळालेल्या विभवांतर-प्रवाहाच्या भागाकाराला ४.५३ने गुणलं की हा आकडा मिळतो. त्याला थराच्या जाडीने गुणलं की रोधकता.

१९५८ साली डच संशोधक व्हॅन डर पाऊ याने आणखी पुढची मजल मारली. त्याने सिद्ध केलं की सपाट तुकडा सगळीकडे सारख्या जाडीचा असेल, त्यात भोक नसेल आणि चार स्पर्शबिंदू अगदी कडेवर असतील, तर त्याचा आकार कसाही वेडावाकडा असू दे, दोन मोजमापांतून रोधकता नेमकी काढता येते. लांबी नको, रुंदी नको, फक्त जाडी द्या. फुटलेल्या कपचीवरसुद्धा चालतं.

दुसऱ्या टोकाची गोष्ट

विसंवाहक मोजताना सगळं उलटं होतं. एक मिलिमीटर जाड, शंभर चौरस सेंटिमीटरची प्लॅस्टिकची चकती घ्या, रोधकता १०चा चौदावा घात ओहम-मीटर. ५०० व्होल्ट लावले तरी प्रवाह जातो ५० पिकोअँपिअर, म्हणजे अँपिअरच्या अब्जांश भागाचाही विसावा हिस्सा. इथे स्पर्शाचा रोध कोणी विचारात घेत नाही. इथे भीती असते ती वीज प्लॅस्टिकच्या आतून न जाता वरून, कडेवरून सटकण्याची. दमट हवा, बोटाचा ठसा, घामाचं मीठ : एवढी वाट तिला पुरते. ग्रेच्या रेशमाच्या जागी पितळ आल्यासारखंच.

त्यावर उपाय म्हणजे रक्षक कडं. मोजायच्या इलेक्ट्रोडभोवती थोडी फट ठेवून दुसरं गोल कडं बसवतात आणि दोघांना एकाच विभवावर ठेवतात. दोघांमधे विभवांतरच नाही, त्यामुळे प्रवाह नाही. कडेवरून आलेली चोरटी वीज कड्यात शिरते आणि मीटरला वळसा घालून निघून जाते. शिवाय धीर लागतो : व्होल्ट लावल्यावर विसंवाहकातला प्रवाह बराच वेळ हळूहळू घटत राहतो, म्हणून बरोबर एक मिनिटाने वाचन घ्यायचं असा प्रघात आहे. प्रघात एवढ्यासाठी की त्याशिवाय दोन प्रयोगशाळांचे आकडे जुळणारच नाहीत.

आणि धातूंच्याही पलीकडे, अगदी खालच्या टोकाला? १९११ साली हाइके कामर्लिंग ओन्नेसने पारा उणे २६९ अंशांपर्यंत थंड केला तेव्हा त्याचा रोध एकाएकी मोजता येण्यापलीकडे गेला. शून्य झाला म्हणावं, तर कुठलंही व्होल्टमीटर 'शून्य' असं सांगू शकत नाही. ते फार तर 'माझ्या आवाक्याहून कमी' एवढंच सांगतं. चार टोकंही इथे हात टेकतात.

मग लोकांनी टोकंच काढून टाकली. अतिसंवाहकाचं, म्हणजे असा रोध हरवलेल्या पदार्थाचं, अखंड कडं करायचं, त्यात प्रवाह फिरता करायचा आणि कशालाही न टेकवता बाहेरून त्याचं चुंबकीय क्षेत्र बघत बसायचं. रोधकता किंचितही असेल तर प्रवाह हळूहळू विझेल आणि क्षेत्र ओसरेल. १९६३ साली फाइल आणि मिल्स या दोघांनी अतिसंवाहक गुंडाळीवर असं केलं. त्यांच्या हिशोबाने प्रवाह विझायला एक लाख वर्षांहून कमी काळ लागणार नव्हता.